खुर्ची नेमकी कुठे मांडली आहे?

वाचकाचं पत्र :

मी रसायनशास्त्रात पीएच.डी. केली आणि तेव्हापासून, म्हणजे पंधराएक वर्षं, एका पर्यावरण नियामक संस्थेत वैज्ञानिक आहे. सांडपाण्याचे, चिमणीतल्या धुराचे नमुने घेणं, प्रयोगशाळेत तपासणं, अहवाल लिहिणं आणि वेळ आली तर न्यायालयात साक्ष देणं, हे माझं काम. आता एका मोठ्या रसायन कंपनीने सुरक्षा, आरोग्य आणि पर्यावरण अशा तिन्ही विभागांचं प्रमुखपद देऊ केलं आहे. बरेच कारखाने आहेत, हजारो कामगार आहेत. पगाराचं तर बोलायलाच नको. ऑफिसात कुणकुण लागली आणि एका मैत्रिणीने तोंडावर विचारलं, "म्हणजे विकली गेलीस तर!" ते फार लागलं. दुसरं असं, की मला पर्यावरण कळतं. आग, स्फोट, कारखान्यातली सुरक्षा हे मी कधी केलेलं नाही. तिथले इंजिनिअर मला मोजतील का? आणि तिसरी भीती, तिथे मी शोभेची बाहुली तर होणार नाही ना? कंपनीच्या दोन कारखान्यांची तपासणी आमच्याच विभागाकडे असते, त्यामुळे ही माणसं मला ओळखतात आणि माझ्या कामाबद्दल त्यांना आदर आहे, एवढं मात्र खरं. काय करू?

— द्विधेत सापडलेली वैज्ञानिक

उत्तर :

तुमच्या हिशेबाने पत्रात तीन प्रश्न आहेत. मला चार दिसले. चौथा तुम्ही शेवटी, कौतुकाच्या सुरात, जाता जाता लिहून टाकला आहे. त्यावर मी थोडं कठोर बोलणार आहे, तेव्हा तयारीत राहा.

आधी मैत्रिणीचा टोमणा. सरकारी खुर्चीत बसूनही माणसं वाकतात आणि त्यासाठी त्यांना कंपनीएवढा पगारही लागत नाही. त्यामुळे कोण कुणाचा पगार घेतं एवढ्यावर मी तरी कुणाला विकलं गेलेलं म्हणणार नाही. पण टोमणा झटकून टाकण्याआधी त्यातला खरा प्रश्न काढून घ्या : कंपनीच्या पैशावर काम करणाऱ्या वैज्ञानिकाच्या शब्दाला वजन कशाने येतं आणि कशाने जातं? याची उत्तरं देणारी तीन आयुष्यं सांगते.

जपानमधल्या मिनामाता गावात चिस्सो या रसायन कंपनीचं स्वतःचं रुग्णालय होतं. डॉ. हाजिमे होसोकावा त्याचे संचालक. गावात तोल जाणारे, हात थरथरणारे, बोलताना जीभ अडखळणारे रुग्ण दिसू लागले, तेव्हा १ मे १९५६ रोजी सरकारी आरोग्य कार्यालयाला ही खबर याच कंपनीच्या डॉक्टरांनी दिली. पुढे संशयाचं बोट कारखान्याच्या सांडपाण्याकडे वळलं. होसोकावांनी मांजरांच्या अन्नात ते सांडपाणी मिसळून पाहिलं. ऑक्टोबर १९५९ मध्ये चारशे क्रमांकाच्या मांजरात तीच लक्षणं दिसली. निष्कर्ष वर गेला, आणि वरून हुकूम आला की प्रयोग थांबवा. बाहेर कुणाला काही कळलं नाही. पारा असलेलं सांडपाणी १९६८ पर्यंत वाहत राहिलं. १९७० मध्ये, मृत्यूच्या काही महिने आधी, रुग्णालयातल्या खाटेवरून होसोकावांनी त्या मांजराबद्दल साक्ष दिली. १९७३ मध्ये रुग्णांच्या बाजूने निकाल लागला, त्यात या साक्षीचा मोठा वाटा होता.

होसोकावा प्रामाणिक नव्हते असं कोण म्हणेल? त्यांच्याकडे ज्ञान होतं, सचोटी होती, पुरावाही होता. पण तो पुरावा ज्या टेबलावर पोचायचा, तिथून पुढे जायला दारच नव्हतं. अकरा वर्षं तो तिथेच पडून राहिला.

दुसरा माणूस रॉबर्ट किहो. १९२४ मध्ये अमेरिकेत पेट्रोलमध्ये मिसळायचं टेट्राएथिल लेड हे शिशाचं संयुग बनवणारे काही कामगार भ्रम होऊन, झटके येऊन मेले. त्यानंतर एथिल कंपनीने किहोंना वैद्यकीय सल्लागार म्हणून घेतलं. आता हे नीट ऐका, कारण यांची गोष्ट होसोकावांइतकी सरळ नाही. कारखान्याच्या आत किहोंनी खरोखर काम केलं. वायुवीजन, हाताळणीचे नियम, कामगारांची तपासणी, हे सगळं मार्गी लागलं. पण कारखान्याबाहेर, रस्त्यारस्त्यावर धुरातून पसरणाऱ्या शिशाबद्दल त्यांची भूमिका एकच राहिली : अपाय झाल्याचं दाखवा, मग बोलू. आणि दाखवणार कोण? शिशाच्या विषबाधेवरचं बहुतेक संशोधन कित्येक दशकं त्यांच्याच, उद्योगांच्या पैशावर चालणाऱ्या प्रयोगशाळेत होत होतं. अखेर खडकांचं वय मोजणाऱ्या क्लेअर पॅटरसन या भूरसायनशास्त्रज्ञाने १९६५ मध्ये मांडलं, की माणसाच्या शरीरातलं शिसं नैसर्गिक पातळीच्या सुमारे शंभरपट आहे. तेलउद्योगाकडून मिळणारा त्यांचा निधी बंद झाला. मोटारगाड्यांसाठीचं शिशाचं पेट्रोल जगातून संपायला २०२१ साल उजाडलं. शेवटचा देश अल्जीरिया.

किहोंना खुर्ची होती, मान होता, पैसा होता. नव्हतं ते एवढंच, की त्यांचे आकडे तपासून पाहणारं दुसरं कोणी.

तिसरे ट्रेव्हर क्लेट्झ. मूळचे रसायनशास्त्रज्ञ, ब्रिटनच्या आयसीआय या रसायन कंपनीत उत्पादन विभागात काम केलेले. १९६८ मध्ये कंपनीने त्यांना सुरक्षा सल्लागार केलं. हेल्मेट आणि घसरून पडणं यापलीकडे सुरक्षेचा फारसा विचार होत नसताना त्यांनी प्रक्रियेलाच हात घातला. झालेले अपघात आणि थोडक्यात टळलेले अपघात ते साध्या भाषेत लिहून काढायचे, आणि ही पत्रकं कंपनीबाहेरही वाचली जायची. १९७८ मध्ये त्यांनी मांडलेली कल्पना आजही या क्षेत्राचा पाया आहे : जे तुमच्याकडे नाहीच, ते गळू शकत नाही. घातक रसायन साठवून त्याभोवती दहा कुलपं लावण्यापेक्षा ते रसायन मुळात कमी ठेवा, किंवा त्याशिवाय काम होतं का ते बघा.

तिघांनाही पगार कंपनीनेच दिला. तेव्हा मैत्रिणीला आज उत्तर देऊ नका. उत्तर तुमच्या हातात अजून नाही. ते तुमची खुर्ची कुठे मांडली आहे आणि तुमचे आकडे कुठवर जाऊ शकतात यावर ठरणार आहे. सुदैवाने या दोन्ही गोष्टी सही करण्याआधी विचारता येतात. शोभेच्या बाहुलीच्या भीतीवरही इलाज तोच, म्हणून तिसरा प्रश्न आधी घेते.

पदाचं नाव कितीही भारदस्त असो, विचारायचं एवढंच : मी कुणाला उत्तरदायी? उत्पादन प्रमुखाला असेल, तर तुमचं मत आणि महिन्याचं उत्पादन एकाच माणसाच्या डोक्यात भांडणार आणि महिनाअखेरीला कोण जिंकतं हे सांगायला नको. थेट मुख्याधिकाऱ्याला असावं, आणि संचालक मंडळाकडे, मुख्याधिकारी खोलीत नसतानाही, जाता यावं. हे तोंडी नको, नेमणूकपत्रात लिहून घ्या. त्याहून महत्त्वाचं, प्रत्येक कारखान्यातला सेफ्टी ऑफिसर कुणाचा माणूस? त्याचं वार्षिक मूल्यमापन कारखान्याचा मॅनेजर लिहीत असेल, तर तो तुम्हाला मॅनेजरला चालेल तेवढंच सांगेल. यात त्याचा दोष नाही, त्यालाही घर आहे.

मग मुलाखतीत शांतपणे हा प्रश्न टाका : गेल्या दोन वर्षांत सुरक्षेच्या किंवा प्रदूषणाच्या कारणावरून उत्पादन कधी थांबवलं, कुणी थांबवलं, आणि त्या माणसाचं पुढे काय झालं? "थांबवायची वेळच आली नाही" असं उत्तर आलं तर मी घाबरेन. एखाद्या शिफ्ट इंचार्जचं नाव घेऊन "त्याने थांबवलं, नंतर कळलं गरज नव्हती, तरी आम्ही त्याला काही बोललो नाही" असं कुणी सांगितलं, तर ती कंपनी चांगली आहे असं मी धरून चालेन.

या प्रश्नात एवढं का अडकायचं? १९७४ साली इंग्लंडमध्ये फ्लिक्सबरोच्या कारखान्यात सहा रिॲक्टरांच्या रांगेतला एक तडा गेल्यामुळे काढला आणि मधल्या फटीत तात्पुरता पाइप बसवला. त्या पाइपचा आराखडा म्हणजे वर्कशॉपच्या फरशीवर खडूने काढलेली आकृती. त्या वेळी वर्क्स इंजिनिअरची जागा रिकामी होती. "हे करू नका" म्हणण्याची पात्रता असलेला माणूस खोलीतच नव्हता. १ जूनला पाइप फुटला, सायक्लोहेक्झेनचा ढग पेटला, २८ माणसं गेली. ऑस्ट्रेलियात लाँगफर्डच्या गॅस प्रकल्पातले इंजिनिअर १९९२ मध्ये मेलबर्नच्या कार्यालयात हलवले गेले. १९९८ मध्ये गोठलेल्या उष्णता-विनिमयकात गरम तेल सोडलं गेलं, धातू तडकला, दोन कामगार मेले. त्या प्लँटचा हॅझॉप, म्हणजे काय काय बिघडू शकतं याची एकेका पाइपगणिक पद्धतशीर तपासणी, ठरलेला होता, झालाच नव्हता. दोन्हीकडे माणसं नालायक नव्हती. कळणारी खुर्ची रिकामी होती किंवा दूर गेली होती.

खुर्ची जवळ असूनही डळमळू शकते, हेही ध्यानात घ्या. २७ जानेवारी १९८६ च्या रात्री चॅलेंजर यानाचं उड्डाण थंडीमुळे पुढे ढकला असं यानाचे बूस्टर रॉकेट बनवणाऱ्या मॉर्टन थायोकॉल कंपनीचे इंजिनिअर सांगत होते. तेव्हा एका वरिष्ठाने अभियांत्रिकीच्या उपाध्यक्षाला म्हटलं, इंजिनिअरची टोपी काढ आणि मॅनेजमेंटची घाल. त्याने घातली. त्याच कंपनीच्या ॲलन मॅकडोनल्डने मात्र उड्डाणाच्या संमतिपत्रावर सही करायला नकार दिला. सही वरच्याने केली. दुसऱ्या दिवशी सात अंतराळवीर गेले. मॅकडोनल्डला आधी बाजूला सारलं गेलं, काँग्रेसने दबाव आणल्यावर बूस्टरच्या पुनर्रचनेची जबाबदारी मिळाली. तुमच्या पदावर ही टोपीची रात्र कधी ना कधी येते. बहुतेक वेळा ती इतकी नाट्यमय नसते. एखादा अलार्म आठवडाभर बंद ठेवू या का, एवढंच कुणीतरी विचारतं.

आता "मला सुरक्षा येत नाही" याकडे. अर्धं खरं आहे. ते अर्धं मान्य करूनच जा, इंजिनिअर हसणार नाहीत. न कळता कळल्याचा आव आणणाऱ्याला ते हसतात. दाब वाढला की आपोआप उघडणाऱ्या रिलीफ व्हॉल्व्हची मापं कशी काढतात, धोका दिसताच यंत्र आपोआप थांबवणारा इंटरलॉक कसा चालतो, कामाचं परमिट कसं चालतं, प्रक्रियेत छोटासा बदल करतानाही आधी कागदावर तपासून मंजुरी का घ्यावी लागते, हे शिकावं लागेल. पहिल्या वर्षी शक्य तितक्या हॅझॉपच्या बैठकांना बसा, बोलायला नको, ऐकायला. प्रवाह जास्त झाला तर? कमी झाला तर? उलटा वाहिला तर? असे प्रश्न एकेका पाइपला विचारत दिवसचे दिवस जातात. कंटाळवाणं असतं, पण कारखाना समजून घ्यायची याहून चांगली शाळा मला माहीत नाही.

उरलेलं अर्धं मात्र खोटं आहे, आणि इथे तुमचं शिक्षण तुम्हाला वाटतं त्याहून जास्त कामाचं आहे.

नमुना तपासला आणि काही सापडलं नाही, तर तुम्ही अहवालात 'शून्य' लिहिता का? कधीच नाही. तुम्ही 'शोधमर्यादेच्या खाली' असं लिहिता, कारण उपकरणाला दिसलं नाही आणि तिथे नाहीच, यात फरक आहे हे तुमच्या हाडीमाशी भिनलेलं आहे. कारखान्याच्या फाटकावरची पाटी मात्र बिनदिक्कत लिहिते : इतके दिवस, शून्य अपघात. त्या शून्याची शोधमर्यादा कुणी विचारत नाही. २० एप्रिल २०१० रोजी मेक्सिकोच्या आखातात डीपवॉटर होरायझन या तेलफलाटावर बड्या अधिकाऱ्यांची भेट होती. सात वर्षं कामाचा एक दिवसही बुडवणाऱ्या दुखापतीविना गेली म्हणून कौतुक चाललं होतं. त्याच रात्री स्फोट झाला, ११ माणसं मेली. त्याआधी पाच वर्षं, २३ मार्च २००५ रोजी, बीपी या तेलकंपनीच्या टेक्सास सिटी इथल्या रिफायनरीत मनोरा द्रवाने गरजेपेक्षा जास्त भरला, पातळी दाखवणारं उपकरण चुकीचं दाखवत राहिलं, आणि उसळलेलं ज्वालाग्राही द्रव पेटून १५ जण ठार झाले, १८० जखमी झाले. मेलेले सगळे कंत्राटी कामगार होते, धोक्याच्या जागेला लागून उभ्या केलेल्या ट्रेलरमधले आणि आसपासचे. २००७ मध्ये, या स्फोटानंतर नेमलेल्या बेकर समितीने निदान केलं, की कंपनी दुखापतींचा घटता आकडा पाहून प्रक्रियाही सुरक्षित आहे असं समजत होती. बोट कापण्याचं प्रमाण कमी झालं म्हणून टाकी फुटण्याची शक्यता कमी होत नाही. दोन्हींना वेगळं मोजमाप लागतं, आणि मोजमापाबद्दल शंका घेणं हा तुमचा पेशाच आहे.

म्हणून पहिल्या बैठकीत दुखापतींचा आलेख समोर आला, की त्याखाली दुसरे आकडे मागा : किती सुरक्षा उपकरणांची तपासणी मुदत उलटून गेली आहे, किती इंटरलॉक बायपासवर, म्हणजे मुद्दाम बंद करून ठेवलेले आहेत, किती वेळा रिलीफ व्हॉल्व्ह उडाला, किती छोट्या गळत्या झाल्या. आणि बोनस दुखापतींच्या आकड्याशी जोडलेला असेल तर तो तोडायला लावा. नाहीतर हात मोडलेल्या माणसाला गाडीत घालून ऑफिसात आणून बसवतात, "दिवस वाया गेला नाही" असं लिहायला. हे प्रकार चालतात आणि सगळ्यांना माहीत असतात.

दुसरं, तुम्ही पर्यावरण आणि सुरक्षा या दोन वेगळ्या भाषा समजता. मला तसं वाटत नाही. १ नोव्हेंबर १९८६ रोजी स्वित्झर्लंडमध्ये बाझेलजवळ सँडोझच्या गोदामाला आग लागली. अग्निशमन दलाने आपलं काम चोख केलं, हजारो घनमीटर पाणी मारलं. ते पाणी कीटकनाशकं, पारा आणि रंग घेऊन ऱ्हाइन नदीत गेलं. नदी लाल झाली, खाली शेकडो किलोमीटरपर्यंत ईल मासे मेले. सुरक्षेच्या माणसाने आग पाहिली, पाणी कुठे जाईल हे कुणी पाहिलं नव्हतं. तुम्ही पहिल्या दिवशी नकाशा मागितलात तर तुमची नजर आपोआप गटारांच्या उताराकडे जाईल. बाकीच्यांची जाणार नाही.

आणि भोपाळ. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री टाकीत पाणी शिरलं, सुमारे चाळीस टन मिथिल आयसोसायनेट तापलं आणि शहरावर पसरलं. शीतकरण यंत्रणा बंद ठेवली होती, वायू जाळणारा फ्लेअर दुरुस्तीसाठी सोडवून ठेवला होता, वायू धुऊन निष्प्रभ करणारा स्क्रबर तेवढा भार पेलणारा नव्हता. हे सगळं बरोबर आहे आणि सगळे सांगतात. क्लेट्झ त्याच्याही आधीचा प्रश्न विचारायचे : मिथिल आयसोसायनेट हा ना कच्चा माल होता, ना विकायचा माल. मधल्या पायरीवरचं रसायन. साठवणं सोयीचं होतं, अटळ नव्हतं. मग इतकं साठवलं कशाला? हा प्रश्न विचारायला स्फोटशास्त्र लागत नाही. अभिक्रियेची पायरी वाचता येणारा रसायनशास्त्रज्ञ लागतो, आणि तो विचारायची मुभा असलेली खुर्ची. तुमच्या मुलाखतीत कुणी "तुम्ही सुरक्षेत नवीन आहात" म्हणालं, तर त्यांच्या मधल्या पायरीवरच्या सर्वांत घातक रसायनाचा साठा किती आणि का, एवढंच विचारा. त्यांचं उत्तर ऐकून तुम्हालाही कळेल आणि तुम्हाला काय येतं हे त्यांनाही.

भोपाळचं आणखी एक. १९८२ मध्ये मूळ कंपनीच्याच पथकाने त्या कारखान्याची पाहणी करून त्रुटी लिहून दिल्या होत्या, आणि त्याच वर्षी राजकुमार केसवानी हे स्थानिक पत्रकार छापून इशारे देत होते. माहिती होती. तुमच्या नव्या पदावर माहितीचा दुष्काळ कधीच पडणार नाही. अहवालांनी कपाटं भरलेली असतील. आल्या आल्या जुनी सुरक्षा-पाहणी काढा आणि ज्या ज्या शिफारशीपुढे 'पूर्ण' लिहिलंय तिथे जाऊन डोळ्यांनी बघा. 'पूर्ण' म्हणजे कधी कधी 'मेल पाठवला' एवढंच असतं.

आता तो चौथा प्रश्न. या कंपनीचे दोन कारखाने तुमच्या विभागाच्या तपासणीत आहेत आणि ते लोक तुम्हाला मानतात, असं तुम्ही सहज लिहिलं आहे. हे सहज नाही. आजच्या घडीला तुम्ही त्यांच्या नियामक आहात आणि त्यांच्याशी नोकरीची बोलणी करत आहात. बोलणी सुरू झाल्यापासून त्या दोन कारखान्यांच्या एकाही नमुन्याला, एकाही फाइलला तुम्ही हात लावला असेल, तर तो निकाल उद्या कुणीही खोडून काढू शकेल, तुम्ही खरं लिहिलं असलं तरी. उद्या सकाळी वरिष्ठांना लेखी कळवा की असा प्रस्ताव आहे, आणि त्या कंपनीच्या सगळ्या कामातून स्वतःला बाजूला करून घ्या. तुमच्या संस्थेत नोकरी सोडल्यावर ठरावीक काळ अशा कंपनीत न जाण्याचा नियम असेल तर तो अक्षरशः पाळा. नसेल तर स्वतःच काही महिन्यांचं अंतर ठेवा. मैत्रिणीचा टोमणा खरा ठरायचा असेल तर तो इथे ठरेल, पगाराच्या आकड्यावर नाही.

आणि स्वतःला एकदा विचारून बघा, त्यांना नेमकी कोण हवी आहे? शंका घेणारी वैज्ञानिक, की जिच्या एका फोनवर जुन्या ऑफिसात नोटीस मवाळ होते अशी बाई? हे ओळखायचा सोपा मार्ग आहे. मुलाखतीतच सांगून टाका, की मी माझ्या जुन्या विभागाशी तुमच्या वतीने कधीही बोलणार नाही, ते काम दुसऱ्या कुणाला द्या. समोरच्याचा चेहरा बघा. प्रस्ताव थंडावला, तर तुम्ही सुटलात.

आकड्यांचं एक राहिलं. कारखान्यातल्या मोजमापांचे कच्चे आकडे तुमच्या विभागात राहिले पाहिजेत, कारखान्यात गाळून आलेले नकोत. काही नमुने बाहेरच्या प्रयोगशाळेत जायलाच हवेत, आणि ती प्रयोगशाळा तुम्ही निवडावी. गुळगुळीत पर्यावरण अहवालावर तुमचं नाव छापणार असतील, तर जो आकडा कुठल्या नमुन्यातून आला हे तुम्हाला सांगता येत नाही त्यावर सही नाही. यात सगळं तडजोडीनेच संपतं असंही नाही. फ्रीज-एसीत वापरलं जाणारं सीएफसी हे रसायन ओझोनचा थर खातं हे मोलिना आणि रोलँड यांनी १९७४ मध्ये मांडल्यावर डूपॉन्ट कंपनी वर्षानुवर्षं विरोध करत राहिली. मार्च १९८८ च्या सुरुवातीला तिच्या प्रमुखांनी सिनेटरांना उत्पादन थांबवायची गरज नाही असं कळवलं होतं. त्याच महिन्यात ओझोनवरचा मोठा वैज्ञानिक अहवाल आला. तो करणाऱ्यांत कंपनीचा स्वतःचा वातावरणशास्त्रज्ञ होता. महिना संपायच्या आत कंपनीने सीएफसी बंद करणार असं जाहीर केलं. पर्यायी रसायनांतला धंदाही दिसत होताच, मी भाबडी नाही. तरी घरातलाच माणूस "आकडे खरे आहेत" म्हणतो तेव्हा नाकारणं अवघड जातं, हे काही थोडं नाही.

माझं मत विचाराल तर जा. तुमची संस्था पाइपच्या तोंडाशी नमुना घेते, तेव्हा जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. कंपनीत तुम्हाला पाइपच्या अलीकडे, आराखड्याच्या टेबलावर बसता येईल. पण जायचं ते नेमणूकपत्रात दोन वाक्यं असतील तरच : संचालक मंडळाकडे थेट जाण्याचा हक्क, आणि काम थांबवण्याचा अधिकार. ती नसतील, तर कितीही मोठा पगार असो, तुम्ही जिथे आहात तिथेच तुमचा उपयोग जास्त आहे आणि मनस्तापही कमी.

हो म्हणायच्या आधी एक विनंती करा. मॅनेजरला सोबत न घेता एखाद्या कारखान्यात रात्रपाळीला जाऊ द्या म्हणा. कंट्रोल रूममध्ये ऑपरेटरजवळ बसा, कोणता अलार्म वाजला की तो न बघताच बंद करतो ते बघा, आणि का ते त्यालाच विचारा. मग बायपासची वही मागा. कोणकोणते इंटरलॉक बंद आहेत, कुणाच्या सहीने, आणि सर्वांत जुन्या नोंदीची तारीख काय, हे तिथे लिहिलेलं असतं. वही सापडायला वेळ लागला, तर पगाराची बोलणी पुढे नेऊ नका.